एबीएसचा दिवा विझवू नका, दोष चाकापाशी शोधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की चिपळूणच्या गॅरेजांसमोर सात-आठ आसनी गाड्यांची गर्दी होते. त्यात शाळेच्या व्हॅन असतात, मुंबई-पुण्याची भाडी मारणाऱ्या जुन्या इनोव्हा, टवेरा आणि एर्टिगा असतात, आणि गणपतीत सगळे घर गावी आणायचे म्हणून आधीच तपासून घ्यायला आणलेली एखादी घरची गाडीही असते. वायपर बदलले जातात, टायर पाहिले जातात, लायनर नवे बसवले जातात. मात्र मीटरवर एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा पेटलेला असेल आणि त्याविषयी विचारले, तर बहुतेक ठिकाणी दोनच उत्तरे मिळतात. ‘तो तसाच असतो, ब्रेक लागतोय ना, मग चालू द्या’ हे पहिले, आणि ‘एबीएसचे पूर्ण युनिट गेले आहे, बदलावे लागेल’ हे दुसरे. पहिल्या उत्तराने गाडीत बसणाऱ्यांचे जीव टांगणीला लागतात आणि दुसऱ्याने मालकाचे हजारो रुपये विनाकारण जातात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवण्यात माझी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतरही माझ्या विद्यार्थ्यांच्या गॅरेजमध्ये माझे जाणे-येणे असते. त्या अनुभवावरून मला ठामपणे सांगायचे आहे की या दोन उत्तरांच्या मध्ये एक शिस्तशीर तपासणी असते, तिला फार महागडी साधने लागत नाहीत आणि जुन्या गाड्यांतील एबीएसचे बहुतेक दोष त्या तपासणीत चाकाच्या आसपासच सापडतात.

ही यंत्रणा नवी नाही. बॉश कंपनीने १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास मोटारीत ती दिली, तेव्हापासून तिचे मूळ तत्त्व तेच आहे. आपल्याकडे बाजारात नव्याने येणाऱ्या मोटारींच्या मॉडेलांना एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलांना एप्रिल २०१९ पासून ती सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांमध्ये ती बहुधा वरच्या किमतीच्या प्रकारांतच मिळत असे, आणि अशा अनेक गाड्या आता दहा-पंधरा वर्षांच्या होऊन दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे प्रवासी वाहतुकीत धावत आहेत. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो. चाकाबरोबर फिरणारी दातेरी किंवा चुंबकीय रिंग त्याच्यासमोरून गेली की त्यात संदेश उमटतो आणि त्यावरून एबीएसच्या कंट्रोल युनिटला चाकाचा वेग कळतो. ब्रेक दाबल्यावर एखादे चाक बाकीच्यांपेक्षा एकाएकी मंदावले, तर ते जाम होऊ घातले आहे असे समजून युनिट त्या चाकाच्या ब्रेकमधला दाब सेकंदाला अनेक वेळा सोडते आणि पुन्हा देते. चाक फिरत राहते आणि म्हणून स्टिअरिंग ऐकते. कुंभार्ली घाटातल्या ओल्या वळणावर समोर दरडीचा दगड आला, तर पूर्ण ताकदीने ब्रेक दाबूनही गाडी बाजूला वळवता येणे, हा तिचा खरा उपयोग आहे. सुट्या खडीवर तिच्यामुळे थांबायचे अंतर कमी होईलच असे नाही, उलट ते थोडे वाढूही शकते, हे चालकांनी माहीत करून घ्यावे.

यंत्रणेत दोष आढळला की ती स्वतःला बंद करते, पिवळा दिवा लावते आणि साधा ब्रेक पूर्वीसारखा चालू राहतो. ‘ब्रेक लागतोय ना’ हे म्हणणे एवढ्यापुरते खरे आहे. परंतु मागच्या चाकांना किती दाब द्यायचा हे ठरवण्याचे काम पूर्वी भारानुसार हलणारा एक यांत्रिक वॉल्व करीत असे. एबीएस असलेल्या अनेक गाड्यांतून तो वॉल्व काढून ते काम एबीएसच्याच युनिटवर सोपवलेले असते, त्याला ईबीडी म्हणतात. दोष मोठा असेल तर हे कामही थांबते आणि मग पिवळ्या दिव्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही पेटतो. हँडब्रेक पूर्ण खाली आहे, टाकीत ब्रेक ऑइल पुरेसे आहे आणि तरी दोन्ही दिवे पेटलेले आहेत, अशी गाडी भाड्याला पाठवू नये. जोरात ब्रेक लावल्यावर तिची मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम होऊ शकतात, आणि मागची चाके आधी जाम झालेली गाडी ओल्या रस्त्यावर स्वतःभोवती फिरते.

या दिव्याबाबत आपल्याकडे एक घातक प्रकार चालतो. दिवा पेटलेला असला की गिऱ्हाईक गाडी घेत नाही, म्हणून जुन्या गाड्यांच्या व्यवहारात तो काढून टाकतात, त्यावर काळी चिकटपट्टी लावतात किंवा त्याची तार ऑइलच्या वा बॅटरीच्या दिव्याला जोडून देतात. गाडी घेणाऱ्याने हे ओळखायला काहीच लागत नाही. चावी फिरवावी, पण इंजिन सुरू करू नये. एबीएसचा दिवा पेटला पाहिजे आणि साधारण तीन सेकंदांनी आपोआप विझला पाहिजे. ऑइलचा आणि बॅटरीचा दिवा मात्र इंजिन सुरू होईपर्यंत पेटलेलाच राहिला पाहिजे. एबीएसचा दिवा मुळीच पेटला नाही, तर तो काढलेला आहे किंवा उडालेला आहे. तो इंजिन सुरू झाल्यावरच या दोघांबरोबर विझला, तर वायरिंगमध्ये कोणीतरी हात घातलेला आहे. शाळेच्या व्हॅनमधून ज्यांची मुले जातात त्या पालकांनी एकदा चालकाशेजारी बसून एवढे पाहून घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

आता तपासणीकडे येतो. पहिली गोष्ट म्हणजे एबीएसला हात लावण्याआधी साधा ब्रेक निर्दोष आहे याची खात्री करावी, कारण खराब ब्रेकवर बसवलेले चांगले एबीएसही उपयोगाचे नाही आणि अर्ध्या तक्रारींचे मूळ मुळात एबीएसमध्ये नसतेच. इंजिन चालू ठेवून पेडल एकसारख्या जोराने दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेही गळती दिसत नसेल, तर पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या आतली सील दाब धरत नाहीत असा संशय घ्यावा. पेडल स्पंजासारखे दबत असेल आणि दोन-तीनदा मारल्यावर वर येत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मागच्या ड्रममधील लायनरचे अंतर वाढले आहे. पेडल दगडासारखे कडक असेल, तर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर पाहावा: इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारावे, मग पाय दाबून ठेवून इंजिन सुरू करावे, पेडल किंचित खाली गेले तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतो आहे. डिझेल गाडीत हा व्हॅक्यूम वेगळ्या पंपातून येतो, त्यामुळे बूस्टर बदलण्याआधी तो पंप आणि त्याची नळी तपासायला विसरू नये. ब्रेक ऑइलची पातळी खाली आली असेल तर नुसते ऑइल ओतून झाकण लावणे चुकीचे आहे. एक तर पॅड झिजले आहेत किंवा कुठेतरी गळते आहे, आणि मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओले डाग दिसले तर व्हील सिलिंडर गळतो आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना जाम झाल्या आहेत का आणि रबरी होज आतून सुजून बंद झाला आहे का, हे पाहावे. असा होज बाहेरून अगदी चांगला दिसतो. ब्रेक सोडल्यावरही चाक जड फिरत असेल आणि कॅलिपरचा निपल (हवा काढायचा स्क्रू) ढिला करताच ते मोकळे होत असेल, तर होज किंवा त्यामागची लाइन दोषी, पिस्टन नव्हे.

ज्या तक्रारीत सर्वाधिक पैसे वाया जातात तिच्याविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. चालक सांगतो की गाडी अगदी थांबता थांबता, शेवटच्या हातभर अंतरात, पेडल पायाखाली थरथरते, खालून कुरकुर ऐकू येते आणि गाडी वाटते त्यापेक्षा थोडी पुढे जाऊन थांबते. रस्ता कोरडा असतो, ब्रेक हलकाच लावलेला असतो आणि दिवा पेटलेला नसतो. गॅरेजमध्ये याला डिस्क वाकडी झाल्याचे समजून डिस्क फेसिंग करतात, म्हणजे ती घासून सपाट करतात, मग डिस्कच बदलतात, मग पॅड बदलतात आणि शेवटी युनिटवर बोट ठेवतात. डिस्कच्या दोषाने होणारी थरथर बहुधा जास्त वेगात ब्रेक लावल्यावर जाणवते आणि वेगाबरोबर कमी होत जाते. ही थरथर मात्र नेमकी थांबताना येते. कारण असे की एका चाकाचा संदेश कमी वेगाला इतका क्षीण होतो की ते चाक थांबले असे युनिटला वाटते, बाकीची तीन फिरत असतात, म्हणून ते चाक जाम झाले असा निष्कर्ष काढून युनिट त्याचा दाब सोडून देते. यंत्रणा तिच्या समजुतीप्रमाणे बरोबरच वागत असते, तिला मिळालेली माहिती खोटी असते. अशा वेळी युनिटमध्ये दोषाचा कोड, म्हणजे स्कॅनर हे उपकरण जोडून वाचता येणारा दोषाचा क्रमांक, साठवला जाईलच असे नाही, आणि ‘स्कॅनर लावला, काही निघाले नाही’ हे उत्तर तिथेच संपते.

मागच्या पावसाळ्यानंतर अशीच एक जुनी सात आसनी गाडी माझ्या एका विद्यार्थ्याच्या गॅरेजमध्ये आली. दुसरीकडे तिला युनिट बदलण्याचा सल्ला मिळाला होता. विद्यार्थ्याने स्कॅनरवर कोडऐवजी चारही चाकांचे चालू वेग समोर आणले, मोकळ्या मैदानावर गाडी सरळ रेषेत चालवायला सांगितली आणि ती हळूहळू थांबू दिली. चाळीसच्या वेगाला चारही आकडे एकमेकांना धरून होते. वेग दहाच्या खाली आला आणि पुढच्या डाव्या चाकाचा आकडा एकदम शून्यावर गेला. बाकीची तीन चाके अजून आठ, सात, सहा असे दाखवीत होती. मग त्याने एबीएसचा फ्यूज काढून त्याच मैदानावर पुन्हा ट्रायल घेतली. थरथर गेली. याचा अर्थ दोष डिस्कचा नाही हे पक्के झाले, आणि फ्यूज लगेच परत बसवला गेला. हे मुद्दाम लिहितो, कारण फ्यूज काढल्यावर गाडी ‘बरी झाली’ असे समजून ती तशीच रस्त्यावर सोडून देणारेही आहेत. चाक खोलल्यावर सेन्सरच्या बैठकीखाली गंजाचा पापुद्रा फुगलेला दिसला. त्या पापुद्र्याने सेन्सर रिंगपासून वर उचलला गेला होता. जास्त वेगाला संदेश पोहोचत होता, कमी वेगाला पोहोचत नव्हता. बैठक घासून साफ केली, गंज पूर्ण काढला, रिंगचे दाते ब्रशने स्वच्छ केले, त्यातील एकही तुटलेला नाही हे चाक हाताने फिरवत पाहिले आणि सेन्सर पुन्हा बसवला. नवीन सुटा भाग एकही लागला नाही. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत हा दोष नवलाचा नाही, पण तो दिसण्यासाठी चाकापाशी वाकावे लागते.

दिवा पेटलेला असेल तर कोड वाचूनच सुरुवात करावी, मात्र योग्य स्कॅनरने. मोबाइलला जोडायची जी स्वस्त ब्लूटूथ उपकरणे मिळतात, ती बहुधा इंजिनचे ‘पी’ने सुरू होणारे कोड तेवढे वाचतात, एबीएसचे कोड ‘सी’ने सुरू होतात आणि ते वाचण्याची सोय त्या स्कॅनरमध्ये असावी लागते. टोयोटाच्या गाड्यांत सी ०२०० हा पुढच्या उजव्या, सी ०२०५ पुढच्या डाव्या, सी ०२१० मागच्या उजव्या आणि सी ०२१५ मागच्या डाव्या चाकाच्या सेन्सरच्या सर्किटचा कोड आहे. इथे सर्किट हा शब्द लक्षात घ्यावा. कोड सी ०२०५ आला म्हणून पुढचा डावा सेन्सर खराब आहे असे सिद्ध होत नाही. त्याची तार, कपलर (तारांचा जोड), रिंग, बेअरिंग किंवा सेन्सर आणि रिंग यांमधले अंतर यांपैकी काहीही दोषी असू शकते. कोड पाहून थेट सेन्सर मागवणे, तो लावून कोड डिलीट करणे आणि दोन दिवसांनी दिवा परत पेटला की युनिट मागवणे, ही पद्धत मला फार ठिकाणी दिसते, आणि आमच्या व्यवसायातील मुलांनी ती सोडावी असे मला मनापासून वाटते.

जुन्या पद्धतीचा सेन्सर म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली कॉइल. तो काढून न घेता कपलरपाशी मल्टिमीटर लावून त्याचा रोध मोजता येतो. बहुतेक गाड्यांत तो साधारण ८०० ते २,५०० ओहमच्या दरम्यान असतो, नेमका आकडा त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये पाहावा आणि त्याच ॲक्सलच्या दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी ताडून पाहावा. मोजत असतानाच तार हलवून, वाकवून पाहावी, विशेषतः जिथे ती चाकाबरोबर वळते आणि सस्पेन्शनबरोबर वर-खाली होते तिथे, कारण आतले तांबे तुटलेले आणि वरचे रबर शाबूत, असे फार वेळा आढळते. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने फिरवावे. आकडा उमटला पाहिजे आणि चाक जोरात फिरवल्यावर वाढला पाहिजे. चारही चाके याच रीतीने पाहिली की कमजोर चाक आपोआप वेगळे पडते. नंतरच्या गाड्यांतील सेन्सर मात्र आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला असतो, त्यालाही दोनच तारा असू शकतात, आणि त्याला ओहम मीटर लावून काहीही कळत नाही, उलट तो बिघडण्याचा धोका असतो. त्याला कंट्रोल युनिटकडून विद्युतपुरवठा लागतो आणि चाक फिरताना त्यातला प्रवाह साधारण ७ आणि १४ मिलिअँपिअर या दोन पातळ्यांवर बदलत राहतो. म्हणून आधी सेन्सर कोणत्या जातीचा आहे ते मॅन्युअलवरून ठरवावे, मग मीटरची टोके लावावीत.

नव्या पद्धतीच्या हबमध्ये रिंग वेगळी नसते. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टा असतो. हे बेअरिंग दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखे दिसते. ते उलटे दाबून बसवले तर चाक छान फिरते, आवाजही जातो, पण सेन्सरसमोर चुंबकीय बाजूच येत नाही आणि बेअरिंग बदललेल्या दिवसापासून दिवा पेटू लागतो. गिऱ्हाइकाने ‘बेअरिंगच्या कामानंतर हे सुरू झाले’ असे सांगितले की मेकॅनिकने त्याचे बोलणे मनावर घ्यावे. तसेच ‘आपटून’ बसवलेल्या बेअरिंगमध्ये तो पट्टा चिरतो, आणि ब्रेकच्या झिजेतून पडणारी लोखंडाची भुकटी त्याला चिकटते. चाकांचे आकडे स्कॅनरवर सतत थोडे वेगळे दिसत असतील, तर टायरही पाहावेत. तीन जुने आणि एक भलत्याच मापाचा टायर घातलेली गाडी एबीएसला चुकीचीच माहिती देणार.

चिपळूणकरांना आणखी एका कारणाची आठवण करून द्यायला हवी. २२ जुलै २०२१ च्या महापुरात शहरातील असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यांतील कित्येक दुरुस्त होऊन पुन्हा धावू लागल्या आणि काही इतर जिल्ह्यांत विकल्या गेल्या. इंजिन खोलले गेले, सीट धुतल्या गेल्या, पण एबीएस युनिटचा मोठा कपलर सोडवून आतून पाहण्याचे काम सगळीकडे झाले असे नाही. पिनांवरचा हिरवट थर दिसायला वर्षे लागतात आणि तारेच्या आवरणाखालून पाणी आत चढत जाते. अशा गाडीत एकाच वेळी दोन-तीन असंबद्ध कोड येतात, ते जातात आणि पुन्हा येतात. तेव्हा आधी बॅटरी आणि अल्टरनेटर तपासावेत, कारण व्होल्टेज कमी झाले तरी एबीएस बंद पडून दिवा लागतो. टोयोटाच्या गाड्यांत सी १२४१ हा कोड त्यासाठीच आहे. मग अर्थिंग पाहावे. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे युनिटच्या अर्थच्या पिनेला लावून, स्कॅनरने युनिटचा पंप चालवत असताना मोजावे. तिथे व्होल्टचा दहावा-पाचवा हिस्सा इतकाच फरक असावा. तो अर्धा किंवा एक व्होल्ट दिसला, तर बॉडीवरचा अर्थचा बोल्ट काढून, गंज घासून, पुन्हा आवळणे एवढेच काम असू शकते. पुरवठा, अर्थिंग आणि चारही चाकांचे संदेश निर्दोष असल्याचे मोजून सिद्ध झाल्यानंतरच युनिटला दोष द्यावा. युनिटही खराब होते, त्याची पंप मोटर जाम होते, आतल्या सर्किटचे टाके सुटतात. मात्र तो शेवटचा संशयित असला पाहिजे.

ब्रेक ऑइलबद्दल आमच्याकडे जी बेफिकिरी आहे तिची मला फार काळजी वाटते. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, तो ३.७ टक्के पाणी मुरल्यावर १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. सात माणसे, वर कॅरिअरवर सामान आणि कुंभार्लीचा उतार न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये, सारखा ब्रेकवर पाय ठेवून उतरणारी गाडी, या स्थितीत कॅलिपरमधल्या जुन्या ऑइलला उकळी फुटते, वाफ दबते आणि पेडल थेट तळाला जाते. दोन वर्षांनी ऑइल बदलावे ही सूचना अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेत असते, पण जुन्या गाड्यांत ते रंग काळा होईपर्यंत कोणी पाहत नाही. ओलावा आणि गाळ एबीएसच्या बारीक वॉल्वनाही नडतो. म्हणून नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबायचा असेल, तर निपल उघडून जुने ऑइल बाहेर जाऊ द्यावे, ते उलटे युनिटमध्ये ढकलू नये. आणि ब्रेकचे सुटे भाग डिझेल, पेट्रोल किंवा रॉकेलने धुण्याची सवय कृपा करून सोडावी. त्याने सील फुगतात आणि चांगला मास्टर सिलिंडर थोड्याच दिवसांत निकामी होतो. मास्टर सिलिंडर किंवा युनिट बदलल्यावर नेहमीच्या पद्धतीने एअर काढूनही पेडल स्पंजी राहिले, तर हवा युनिटच्या आत अडकलेली असते, आणि अनेक गाड्यांत ती काढायला स्कॅनरने पंप व वॉल्व चालवावे लागतात. ही सोय नसलेल्या गॅरेजने ते काम हाती घेऊ नये.

हे सारे मेकॅनिकच्या हातचे झाले. काही गोष्टी शासनाच्या हातच्या आहेत. भाड्याने प्रवासी वाहतूक करणाऱ्या वाहनांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. त्या तपासणीत रोलरवर चाके अगदी संथ वेगाने फिरवून ब्रेकचा जोर मोजला, तर साध्या ब्रेकची स्थिती कळते, पण त्या वेगाला एबीएस कामच करीत नाही. त्यामुळे यंत्रणा पूर्ण बंद असलेली गाडीही रोलरवर उत्तम गुण मिळवू शकते. ब्रिटनमधील वार्षिक एमओटी तपासणीत एबीएसचा दिवा दोष दाखवीत असेल तर गाडी नापास होते. आपल्या प्रत्येक फिटनेस केंद्रावरही, ज्या गाडीत कारखान्यातूनच एबीएस आलेले आहे तिचा दिवा चावी फिरवल्यावर पेटतो का आणि आपोआप विझतो का, एवढे पाहून त्याची नोंद दाखल्यासोबत कटाक्षाने व्हावी, अशी परिवहन विभागाला माझी विनंती आहे. शाळेच्या व्हॅनपासून याची सुरुवात व्हावी.

दुसरी विनंती वाहन कंपन्यांना आणि कौशल्य विकास विभागाला आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश केला. परंतु जुन्या गाड्यांचे वायरिंगचे नकाशे, सेन्सरची मापे आणि कोडची माहिती तालुक्याच्या गॅरेजमधील मुलापर्यंत सहज पोहोचली पाहिजे, तरच त्याचा उपयोग आहे. ती मराठीत मिळाली तर फारच उत्तम. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कार्यशाळांत एबीएसचे कोड आणि चाकांचे वेग दाखवणारा एक तरी चालू स्थितीतला स्कॅनर आणि मुद्दाम दोष पेरता येईल अशी एक गाडी असावी. इंजिन खोलायला मुले आनंदाने शिकतात. मीटर हातात घेऊन संयमाने तार शोधायला शिकवण्यासाठी आम्हा निदेशकांकडे साधने असावी लागतात.

आणि गाडीमालकांनी पुढच्या वेळी एबीएसचे काम करून घेताना बिलावर तीन गोष्टी लिहून मागाव्यात: कोणता कोड आला होता, कोणत्या चाकापाशी काय मोजले आणि काय आढळले, आणि काम झाल्यावर ट्रायलमध्ये चारही चाकांचे वेग सारखे दिसले का. बदललेला जुना भाग परत मागावा. चांगल्या मेकॅनिकला हे लिहून द्यायला कधीच अडचण वाटत नाही.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
चिपळूण, जि. रत्नागिरी